हातचं काम सोडून पाचारणाला उत्तर देताना

पेत्राने सगळं सोडलं आणि तो येशूमागे निघाला, हे प्रवचनांतून सगळ्यांना पाठ झालेलं असतं. पण त्याच लूकच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात, येशू असंही विचारतो की बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशेब कोण करणार नाही? सेमिनरीत किंवा कॉन्व्हेंटात जायला निघालेल्या कमावत्या माणसाला हा दुसरा उतारा जास्त उपयोगी पडतो. बहुतेक घोटाळे प्रार्थनेत होत नाहीत, ते कपाटातल्या फायलींत होतात. राजीनामा आधी दिला जातो, पतसंस्थेतली जामीनकी विसरली जाते, आईच्या औषधांचं कोण बघणार हे ठरतच नाही.

वेर्ण्याच्या कारखान्यात, पणजीच्या ऑफिसात, हॉटेलात किंवा बोटीवर काम करणाऱ्या आणि आता धर्मगुरू, ब्रदर किंवा सिस्टर व्हावंसं वाटणाऱ्या गोव्यातल्या मराठीभाषक कॅथलिक मुलामुलींसाठी हे लिहिलं आहे. प्रॉटेस्टंट मंडळींचा मार्ग वेगळा आहे. तिथे लग्न हा अडथळा नसतो आणि शिक्षणासाठी पुण्याची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र आहे. मात्र देणी, आईवडील आणि राजीनामा यांबद्दल पुढे जे आहे ते त्यांनाही तसंच लागू पडतं.

आधी एक वर्ष, नोकरी चालू ठेवून

तपोसाधनेच्या (रिट्रीटच्या) शेवटच्या दिवशी, डोळे भरून आलेले असताना घेतलेला निर्णय तसाच कुणाला कळवू नका. वर्षभर तपासा. रोज अर्धा तास शुभवर्तमानावर शांत प्रार्थना, जमेल तितक्या वेळा मिस्सा, महिन्यातून एकदा पापनिवेदन आणि महिन्यातून एकदा एकाच मार्गदर्शकाची भेट, एवढं पुरेसं आहे. दर महिन्याला नवा फादर शोधू नका. आपल्याला हवं तेच उत्तर मिळेपर्यंत माणसं बदलत राहणं ही फार जुनी खोड आहे.

एक वही ठेवा. रात्री तीनच ओळी लिहायच्या: आज मनात काय आलं, तेव्हा कसं वाटलं, तासाभराने काय उरलं. तिसरी ओळ सगळ्यांत महत्त्वाची. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडून घरी पडलेल्या, पुढे जेज्विट संघ स्थापणाऱ्या इग्नेशियसला हाच फरक दिसला. दरबारी पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण मागे कोरडेपणा राहायचा. संतांसारखं जगण्याचे विचार मात्र निघून गेल्यावरही मन भरलेलं ठेवायचे. त्याने पुढे घालून दिलेला नियमही लक्षात ठेवा: मन खचलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. ऑफिसात साहेबाशी वाजलं त्या आठवड्यात सेमिनरीला फोन करू नका, आणि प्रार्थना सुकी चालली म्हणून बेत मोडूही नका.

शनिवारी वृद्धाश्रमात किंवा आजाऱ्यांच्या सेवेत जा, किमान सहा महिने. कविता सुचते तिथे नव्हे, चादर बदलावी लागते तिथे जा. धंदा बुडाला, लग्न मोडलं, घरी पटत नाही, यातून सुटायला बघणारं मन अशा कामात दोन-तीन महिन्यांत दमतं. पाचारण असलेलं मनही दमतं, पण पुढच्या शनिवारी परत जातं.

वहीची काही पानं भरली की 'या आणि पाहा' शिबिराला जा. धर्मप्रांत आणि बहुतेक संस्था अशी शिबिरं घेतात. त्याने कुठलंही बंधन येत नाही.

कुठे जायचं

गोवा-दमण महाधर्मप्रांताचा धर्मगुरू व्हायचं असेल तर वाट साळगाव आणि मग रायतूर म्हणजे राशोलच्या सेमिनरीकडून जाते. चर्चच्या कायद्याप्रमाणे तत्त्वज्ञान दोन आणि ईशज्ञान चार, अशी किमान सहा वर्षं अभ्यासाची. तयारीचं आणि प्रत्यक्ष सेवेचं वर्ष धरलं तर आठ-नऊ वर्षांची तयारी ठेवा. डीकनपदासाठी, म्हणजे धर्मगुरूपदाआधीच्या पायरीसाठी, वयाची २३ आणि धर्मगुरूपदासाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात, पण उशिरा येणाऱ्याला अडचण वरच्या मर्यादेची येते. ती जागोजागी वेगळी असते. तिशी ओलांडली असेल तर पहिल्याच भेटीत वय सांगा.

संस्थेत, म्हणजे जेज्विट, पिलार सोसायटी, सालेशियन, कापुचिन किंवा सिस्टरांच्या संघात जायचं असेल तर क्रम वेगळा. काही महिने उमेदवारी, मग नोविशिएट म्हणजे व्रतांआधीचं प्रशिक्षण, मग तात्पुरती व्रतं तीन ते सहा वर्षांसाठी, आणि शेवटी कायमची व्रतं. नोविशिएट वैध व्हायला त्यासाठी ठरवलेल्या घरात १२ महिने काढावे लागतात. सलग किंवा तुटक मिळून तीन महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर ते वर्ष बाद होतं, आणि १५ दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी भरून काढावी लागते. चुलतभावाचं लग्न, मग पासपोर्टचं काम, मग दाताचा डॉक्टर असं करत दिवस हां हां म्हणता जातात. म्हणून ही कामं आत जाण्याआधी उरका.

दोन्ही मार्गांतला एक फरक घरच्यांनाही समजावून सांगा. धर्मप्रांताचा धर्मगुरू ब्रह्मचर्याचं आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतो, पण दारिद्र्याचं व्रत घेत नाही. त्याच्या नावावर जमीन राहू शकते. संस्थेतला माणूस तिन्ही व्रतं घेतो.

भाषेचं काय? सेमिनरीत शिकवणं इंग्रजीत, आणि गोव्यातली बहुतेक मिस्सा कोंकणीत, तीही रोमी लिपीत छापलेल्या पुस्तकांवरून. देवनागरीत वाढलेल्या माणसाला बोलता येतं, वाचताना मात्र तो अडखळतो. रोज संध्याकाळी दहा ओळी मोठ्याने वाचल्या तर चार-पाच महिन्यांत जीभ वळते. मराठी वाया जाईल ही भीती सोडा. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं ते याच रायतूरला, आणि मराठीतच. सिंधुदुर्ग, पुणे, नाशिक इथल्या धर्मप्रांतांना आजही मराठी येणारी माणसं हवी असतात. तुमचं मन तिकडे ओढत असेल तर अर्ज तिकडेच करा. गोव्यात राहता म्हणून गोव्यातच अर्ज केला पाहिजे असं नाही.

हे प्रश्न विचारले जाणारच

लग्न झालेलं असेल आणि ते चर्चच्या दृष्टीने टिकून असेल तर नोविशिएटमधला प्रवेशच अवैध ठरतो. कोर्टातला घटस्फोट इथे पुरत नाही. विधवा-विधुरांना वाट मोकळी आहे, फक्त मुलं स्वतःच्या पायावर उभी असायला हवीत. वाङ्निश्चय झाला असेल किंवा कुणाला शब्द दिला असेल तर त्या माणसाला समोर बसून सांगा, अर्ज करण्याआधी. फोनवर नको, मित्राकरवी तर नकोच.

मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेल्यांना थांबायला सांगतात. श्रद्धा पुरेशी मुरलेली नाही असं बिशपांना वाटलं तर नवख्रिस्ती माणसाला धर्मगुरूपदाची दीक्षा देता येत नाही. तो अविश्वास मानू नका. घरचे हिंदू असतील तर ही सवड त्यांनाही लागतेच.

आधी दुसऱ्या सेमिनरीतून किंवा संस्थेतून बाहेर पडला असाल तर ते लपवू नका. तिथल्या वरिष्ठांचं पत्र मागवावंच लागतं. आजारपण, नैराश्याची औषधं, पूर्वीची दारू हे सगळं पहिल्या दोन भेटींतच सांगा. बऱ्याच वेळा आजार हा अडथळा नसतो, लपवणं हा असतो. आणि आईने नवस केला होता म्हणून जात असाल तर थांबा. दबावाखाली झालेला प्रवेश चर्च वैध मानत नाही.

मार्गदर्शकाजवळ मात्र मोकळेपणाने बोला. सेमिनरीतल्या आध्यात्मिक मार्गदर्शकाला तुम्हाला दीक्षा देण्याबद्दल किंवा काढून टाकण्याबद्दल मत विचारायला कायद्यानेच मनाई आहे. पाद्रे आग्नेल यांनी १९२७ साली रायतूरला देह ठेवला, तोपर्यंत ते तिथे हेच काम करत होते. ती खोली परीक्षेची नाही.

कागद

बाप्तिस्म्याचा दाखला ताजा हवा, सहसा सहा महिन्यांच्या आतला. शाळेसाठी काढलेली जुनी पिवळी प्रत चालत नाही, आणि त्यामागे कारण आहे. इगर्जीच्या कचेरीत ती जाड नोंदवही उघडली, तुमचं वर्ष आणि अनुक्रमांक सापडला, की समासाकडे बघा. दृढीकरण, लग्न, दीक्षा, कायमची व्रतं या सगळ्यांच्या नोंदी तिथे बारीक अक्षरांत चढवलेल्या असतात. लग्न, दीक्षा, व्रतं यांची नोंद समासात नाही, म्हणजे माणूस मोकळा. तो समास दाखल्यावर उतरलाय का ते विगारांच्या, म्हणजे पॅरिशच्या मुख्य धर्मगुरूंच्या, सहीआधी तपासा. दृढीकरण दुसऱ्या पॅरिशमध्ये झालं असेल तर पुष्कळदा नोंद पोचलेलीच नसते. मग तिथला वेगळा दाखला लागतो.

दुसरी अडचण नावाची. नोंदवहीत एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, दहावीच्या गुणपत्रिकेवर तिसरं. आडनावाच्या शेवटी 'एस' की 'झेड' यावरून दोन महिने जातात. म्हणून हे काम पहिल्या दिवशी हातात घ्या. याशिवाय जन्मदाखला, शिक्षणाची प्रमाणपत्रं, विगारांचं पत्र, वैद्यकीय तपासणी, आणि हल्ली बहुतेक ठिकाणी मानसशास्त्रीय चाचणीही मागतात.

पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्डावर राहत असाल तर पुढचं नीट वाचा. ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआयधारकाला मिशनरी कामासाठी खास परवानगी लागते. हे अर्जाच्या वेळीच संस्थेला सांगा. आत गेल्यावर कळलं तर संस्थाही अडचणीत येते.

देणी

फेडता येत नाही असं कर्ज असलेल्याला नोविशिएटमध्ये घेऊ नये, असं चर्चचा कायदा स्पष्ट सांगतो. म्हणून कोऱ्या कागदावर सगळं उतरवा: गाडीचा हप्ता, क्रेडिट कार्ड, सोसायटीचं कर्ज, मित्राकडून हातउसने घेतलेले, भिशीचे उरलेले हप्ते. भिशी आधी उचलली असेल तर पुढचे सगळे हप्ते हे तुमचं कर्जच.

सगळ्यांत जास्त विसरली जाते ती जामीनकी. सहकाऱ्याच्या कर्जाला चार वर्षांपूर्वी सही केलेली असते, आणि तो हप्ते भरतोय तोवर कुणाला आठवत नाही. त्याने भरणं थांबवलं की नोटीस तुमच्या घरी येते, आणि ती उघडते आई. पतसंस्थेत जाऊन आपण कुणाकुणाला जामीन आहोत याची यादी लेखी मागा. सुटका होण्यासाठी बदली जामीनदार द्यावा लागतो आणि संस्थेच्या समितीने तो मान्य करावा लागतो. समितीची बैठक महिन्यातून एकदा. तेव्हा तीन-चार महिने हाताशी ठेवा.

पैशांबरोबर दुसरंही देणं असतं. कुणाचं खाल्लं असेल, हिशेबात फिरवलं असेल, तर ते परत करा. जक्कयने चौपट परत करायची तयारी दाखवली होती. तुम्ही निदान मूळ रक्कम तरी द्या.

आईवडिलांची सोय

'देव बघेल' हे उत्तर आईवडिलांना देऊ नका. आकडे मांडा. समजा दोघांचं घर चालायला महिना १८,००० रुपये लागतात आणि बहीण १०,००० देऊ शकते. उरतात ८,०००, म्हणजे वर्षाला ९६,०००. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत व्याज ८ टक्के धरलं तर त्यासाठी १२ लाख रुपये आईच्या किंवा बाबांच्या नावे ठेवावे लागतील. वय ६० पूर्ण असावं लागतं. चालू दर पोस्टात विचारून हिशेब पुन्हा करा. हे व्याज दर तिमाहीला मिळतं, महिन्याला नाही. म्हणून पहिल्या तिमाहीचे २४,००० बचत खात्यात वेगळे ठेवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात उसनवारी सुरू होते. व्याज तेवढंच राहतं आणि औषधं महागतात, तेव्हा दवाखान्यासाठी वेगळी गंगाजळी हवीच.

एवढी रक्कम नसेल तर दोनच खरे पर्याय आहेत. दोन-तीन वर्षं आणखी कमवा, किंवा भावंडांनी लेखी जबाबदारी घ्यावी. 'आम्ही बघू' हे जेवणाच्या टेबलावरचं वाक्य पुरेसं नाही. कोण किती देणार, दवाखान्यात रात्री कोण थांबणार, वीजबिल कुणाच्या मोबाईलवरून भरणार, एका कागदावर लिहा. एकुलत्या मुलाने किंवा मुलीने हे सगळं अर्जाच्या वेळी आपणहून सांगावं.

घरी सांगताना आधी आईला एकटीला, मग बाबांना, मग सगळ्यांना. रविवारच्या जेवणावर पाहुण्यांसमोर जाहीर करू नका. बाबा गप्प बसले तर तो नकार समजू नका, आणि होकारही समजू नका. तीन आठवडे तो विषय तसाच राहू द्या. वाड्यावर सगळ्यात शेवटी सांगा. पुढे परत यावं लागलं तर ज्यांनी पेढे खाल्ले त्यांच्याच नजरेला नजर द्यावी लागते.

जमीन, घर आणि सही

इथे भरात केलेली चूक आयुष्यभर राहते. 'मी आता देवाचा, मला काय करायचंय घराचं' असं म्हणून भावाच्या नावे हक्कसोड करून द्यायला निघालेली माणसं दिसतात. विशेष नोटरीसमोर एकदा हक्क सोडला की तो मागे घेता येत नाही.

चर्च स्वतःही ही घाई करत नाही. नोव्हिसची, म्हणजे नोविशिएटमधल्या माणसाची, मालमत्ता त्याचीच राहते. पहिल्या व्रतांआधी फक्त व्यवस्था दुसऱ्याकडे सोपवायची आणि उत्पन्न कुणी वापरायचं ते ठरवायचं. मृत्युपत्र, तेही सरकारी कायद्याने वैध असं, करायला सांगितलं आहे ते कायमच्या व्रतांआधी. म्हणजे संस्थेत पाऊल टाकल्यावर पाच-सहा वर्षांनी. तोवर भावाला मुखत्यारपत्र द्या. त्यात घरपट्टी, दुरुस्ती, भाडं, बँक एवढेच अधिकार लिहा, विक्रीचा नको.

मृत्युपत्र करताना गोव्याचा वारसा कायदा लक्षात ठेवा. सक्तीचे वारस असतील तर, आणि त्यांत आईवडीलही येतात, निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते. उरलेल्या निम्म्याचंच काय ते तुम्ही ठरवू शकता. सगळंच संस्थेला लिहून दिलं तर पुढे घरात दावे उभे राहतात आणि संस्थेचं नाव विनाकारण वाईट होतं. इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसा वाटपाचा, दावा आधीच चालू असेल तर वकील नेमून, तारखा लिहून ठेवून मगच निघा.

स्वतःच्या नावे सहा महिन्यांच्या खर्चाएवढी मुदतठेव राहू द्या. बाहेर पडलेला माणूस संस्थेकडे केलेल्या कामाचा पगार मागू शकत नाही. संस्थेने त्याच्याशी न्यायाने आणि प्रेमाने वागावं, एवढंच कायदा सांगतो. ही ठेव म्हणजे श्रद्धा कमी असल्याची खूण नाही. परतीची वाट बंद असेल तर माणूस भीतीने आत राहतो, आणि भीतीने घेतलेलं व्रत टिकत नाही.

राजीनामा

प्रवेशाचं पत्र हातात आल्याशिवाय राजीनामा नाही. तोंडी होकारावर नाही, फादरांनी पाठ थोपटली त्यावरही नाही. वर्ष जूनमध्ये सुरू होणार आणि पत्र एप्रिलअखेरीस आलं, तर ९० दिवसांची नोटीस असलेल्याला ते वर्ष मिळत नाही. म्हणून नोटीस किती दिवसांची आहे ते अर्जातच लिहा आणि उत्तर फेब्रुवारीअखेर मागा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. त्याला चार महिने कमी असतील तर ते पूर्ण करा, आईच्या खात्यात तेवढीच भर. फॉर्म १६, अनुभवाचं पत्र आणि पीएफचा क्रमांक घेऊन बाहेर पडा. बोटीवरच्यांनी करार पूर्ण करावा आणि सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका, जपून ठेवावं.

जुन्या करारात संदेष्टा एलियाने बोलावल्यावर अलीशाने बैल कापले, नांगराच्या लाकडावर शिजवले आणि लोकांना जेवू घातलं, मग तो एलियाच्या मागे गेला. सहकाऱ्यांना जेवण द्या. काम नीट सोपवून द्या, पासवर्ड आणि अर्धवट फायलींसकट.

बॅग आणि फोन

संस्था यादी देते. त्यापेक्षा जास्त नेऊ नका. चार जोड साधे कपडे, पांघरूण, चपला, छत्री, बायबल, वही, नेहमीची औषधं तीन महिन्यांची, चष्मा असेल तर दुसरा चष्मा. महागडं घड्याळ आणि हेडफोन घरी ठेवा.

फोन बहुतेक ठिकाणी नोविशिएटमध्ये काढून घेतात, आणि बँकेचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात. रिचार्ज थांबला की नंबर बंद होतो आणि काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. म्हणून सिम बहिणीच्या जुन्या फोनमध्ये घाला, रिचार्जची तारीख तिच्या कॅलेंडरवर टाका, आणि खात्यांवर नॉमिनी लावा. आयुर्विम्याचा हप्ता झेपणार नसेल तर पॉलिसी तोडू नका, ती पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू, होते का ते विचारा. आरोग्यविमा संस्थेकडून मिळेपर्यंत जुना खंडू देऊ नका.

पहिले सहा महिने

अवघड जाते ती प्रार्थना नव्हे. दहा वर्षं पगार मोजलेल्या हाताने साबणासाठी पैसे मागणं अवघड जातं. शेजारच्या पलंगावर १९ वर्षांचा मुलगा असतो, वरिष्ठ तुमच्यापेक्षा लहान असू शकतो, आणि तुम्ही जे खातं सांभाळायचात तिथे आता झाडू असतो. इग्नेशियसने तेहतिशीत बार्सेलोनाला मुलांबरोबर बसून लॅटिन गिरवलं. जुन्या कामाचं कौशल्य पहिल्या वर्षी कुणावर लादू नका. जनरेटर बिघडला आणि तुम्ही इलेक्ट्रिशियन असाल तर विचारेपर्यंत थांबा, विचारलं की मनापासून दुरुस्त करा.

तिसऱ्या-चौथ्या महिन्याला मन उडतं. नवेपणा ओसरलेला असतो, बाहेर चवथीची आरती किंवा गावच्या फेस्ताचा आवाज ऐकू येतो आणि घरची ताटं डोळ्यांपुढे येतात. ती वही तेव्हा काढा आणि निघण्याआधीच्या वर्षातली तिसरी ओळ वाचा. तेवढ्याने भागलं नाही तर मार्गदर्शकाला त्याच दिवशी सांगा, पुढच्या ठरलेल्या भेटीपर्यंत थांबू नका. घरी पत्र लिहा, आणि त्यात आईला औषधांचं विचारा.

निघायचं ठरलं तरी ते रागाच्या रात्री ठरवू नका. नोव्हिसला कधीही मोकळेपणाने जाता येतं, कुणाची परवानगी लागत नाही. दोन आठवडे प्रार्थना करा, वरिष्ठांना भेटा, कागद परत घ्या आणि दिवसाउजेडी, समोरच्या दाराने, सगळ्यांचा निरोप घेऊन घरी जा.